टाक्याचा ढीग

आमच्या घरात आत्याची खोली कुठली असं विचारलं की सगळेजण मधल्या खोलीकडे बोट दाखवतात. पण ती खोली नव्हे, रस्ता आहे. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं, मधली खोली. स्वयंपाकघरातून जिन्याकडे, मधली खोली. कुणाला मोरी गाठायची घाई असली तरी मधलीच खोली. दोन बाजूंना दोन चौकटी आहेत, दार एकीलाही नाही. पणजोबांच्या वेळी होती म्हणे. मग दमट हवेने फुगली, लागेनात, म्हणून कुणीतरी काढली आणि स्वयंपाकघरात डबे ठेवायला त्यांच्या फळ्या मारल्या. त्या फळ्यांवर अजून कडीची खूण दिसते.

या दोन चौकटींच्या मधे, भिंतीशी, आत्याची कॉट. आई सकाळी घाईत जाताना कॉटच्या कोपऱ्यावर गुडघा आपटते आणि ‘अगं बाई’ म्हणते. ते कॉटला असतं की आत्याला, हे अजून ठरलेलं नाही. बाबा येताना घसा खाकरतात, पण थांबत नाहीत. म्हणजे ते खाकरणं परवानगी मागणं नव्हे, हॉर्न. आणि आत्या प्रत्येक वेळी पाय जवळ घेते. झोपेतसुद्धा. कुणाची चाहूल लागली की तिचे गुडघे आपोआप पोटाशी जातात. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं सगळ्यांनाच शिकवतात. आत्याचं अंथरूण पुरेसं होतं, रहदारी जास्त होती.

आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात शिवणकाम करते. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, बंद तुटलेले हिरवे गाऊन दिवसभर तिच्या टेबलावर येत राहतात. चादर नेहमी मधोमध विरते, कारण माणूस मधोमध पडून असतो. मग ती उभी कापायची, कडेच्या धड बाजू मधे आणून जोडायच्या आणि विरलेल्या बाजू गादीखाली जातील अशा कडेला टाकायच्या. अशी एक चादर दोनदा आजारी माणसांना पुरते. तिसऱ्यांदा मात्र तिच्यावर जांभळ्या शाईचा ‘बाद’ असा शिक्का बसतो, आणि बाद चादरी कामगारांपैकी ज्याला हव्या त्याने न्याव्यात. आत्याला पुढच्या वर्षी निवृत्त करणार आहेत. एकदा असाच एक गठ्ठा घरी आणून कॉटवर टाकताना ती म्हणाली, “ह्या आणि मी, एकाच गाडीतून.”

शिवणखोलीच्या पातळ भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं असतात, कोठीएवढी, आणि ती दिवसभर गडगडत असतात. तिथे ओरडून उपयोग नसतो. नवीन बाई पहिला महिनाभर ओरडते, घसा बसवून घेते आणि मग शिकते. जुन्या बायका ओठांनी बोलतात. शब्दाचा आकार पूर्ण करायचा, आवाज आतल्या आत ठेवायचा. समोरच्या टेबलावरची बाई ओठ बघून सगळं समजते, सासूची उणीदुणीसुद्धा. आत्याने इतकी वर्षं असं बोलल्यावर तिचा घरातला आवाजही मंद आचेवर गेला. ओठ पूर्ण हलतात, पण शब्दांचं मधलं अक्षर गिळलं जातं. ‘साखर संपलीय’चं ‘साख्र संप्लीय’ होतं. समोर बसलेल्याला कळतं. पाठमोरा असेल तो ‘काय?’ म्हणतो. आणि मधल्या खोलीतून जाणारा माणूस पाठमोराच असतो. मग आत्या पुन्हा सांगते, पुन्हा ‘काय?’ येतं, आणि ती म्हणते, ‘काही नाही.’ हे ‘काही नाही’ मात्र सगळ्यांना एका झटक्यात ऐकू येतं.

तिचं लग्न का झालं नाही, हे बाबा एका दमात सांगतात. ठरलं होतं, मोडलं, परत ठरत आलं तर आजोबांना अर्धांगवायू, मग काकाचं शिक्षण, मग बाबांची नोकरी, मग आमचं बारसं-शाळा, मग विषयच निघाला नाही. बाबा बस डेपोत घोषणा करतात, त्यामुळे हे सगळं ते गाडीचे थांबे वाचून दाखवावेत तसं म्हणतात, आणि शेवटचा थांबा आला की मान हलवून पाणी पितात.

वरच्या मजल्यावर एकच खोली. तिथे टायपिंगचे मास्तर भाड्याने राहायचे. ते मुलीकडे कायमचे गेले, आणि मागे एक शाईचे डाग पडलेला टेबलक्लॉथ आणि ओल आलेली भिंत ठेवून गेले. ओल खालपासून कमरेपर्यंत चढलेली. बाबांना तिच्यात बस दिसते, आईला म्हैस. खोलीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आहे. आणि दार आहे. जाड, आतून कडी असलेलं.

आत्याने जेवताना विचारलं. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आईचा घास हातात राहिला, पण नक्की काय ऐकलं याची तिला खात्री नव्हती. तिसऱ्यांदा आत्याने ताट बाजूला सारलं.

“धाकट्या, वरची खोली मला देशील का? दार आहे तिला.”

बाबा पन्नाशीच्या पुढचे आहेत, केस गेलेत, तरी आत्यासाठी ते ‘धाकट्या’च. त्यांनी उत्तर दिलं ते घोषणेच्या सुरात, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवत. भिंतीला ओल असल्यामुळेऽ, फरशी उखडल्यामुळेऽ, तसंच छताचं काम निघाल्यामुळेऽ. सारांश असा की खोली भाड्याने द्यायची आहे, चष्म्याच्या दुकानातला एक माणूस तयार आहे, आणि रंगरंगोटी तो स्वतःच्या खर्चाने करणार आहे. घरातल्या माणसाला दिली तर हा खर्च कुणी करायचा? आत्या म्हणाली, तुझ्याकडून काही नको, मी करते. बाबा म्हणाले, कशाने? आत्याने हाताकडे पाहिलं, म्हणजे स्वतःच्याच बोटांकडे. शेवटी असं ठरलं की चष्मेवाल्याला पुढच्याच्या पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं आहे, तोवर खोली माणूस राहण्यासारखी दिसली तर बघू.

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे चांगले कपडे घातलेलं ‘नाही’. पण आत्याने तो शब्द जसाच्या तसा धरला.

चष्मेवाला मधे एकदा खोली बघून गेला. त्याला दर दोन शब्दांनंतर ‘आपलं’ लागतं. भिंतीवर बोटाने टकटक करून, बोट हुंगून म्हणाला, ओल आहे, आपलं, पण एक हात रंगाचा मारला की आपलं, झाकली जाईल. खाली उतरताना मधल्या खोलीतून गेला तेव्हा आत्या कॉटवर बसून बटण लावत होती. तिने पाय जवळ घेतले. तो ‘बसा बसा’ म्हणाला, जसा काही घरमालक.

त्यानंतर आत्या रोज कामावरून आली की तोंड धुऊन वर जायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी शिवून आल्यावर आपल्या चादरी शिवायला बसायची. आई म्हणायची, अहो ताई, जरा टेका तरी. आत्या म्हणायची, टेकले तर उठणार नाही. आणि ते खरं होतं. एकदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बुटाची लेस सोडायला बसली, तर तिथेच भिंतीला डोकं लावून झोपली, एक बूट पायात, एक हातात. बाबा डेपोतून आले, खाकरले, आणि तिच्या पायांनी वाट बंद असल्यामुळे चक्क वळसा घालून गेले. तिची बोटं तर संध्याकाळपर्यंत अशी आखडायची की सुई धरलेली आहे हे तिला बघून खात्री करून घ्यावं लागायचं.

विकत काही आणलं नाही. खिडकीला बाद चादरींचा पडदा. आईकडून चहाचा चोथा मागून मागून साठवला, मोठ्या पातेल्यात उकळला आणि त्यात चादरी बुडवल्या. पातेलं लहान पडलं, त्यामुळे रंग काही ठिकाणी बिस्किटाचा आला, काही ठिकाणी बशीत सांडलेल्या चहाचा. शिक्के तिने दुमडीत घेतले. एक शिक्का मात्र राहिलाच, अगदी वरच्या कोपऱ्यात, आरशात वाचावा तसा उलटा.

जमिनीसाठी जुन्या बनियनांच्या पट्ट्या कापून त्यांची लांब वेणी घातली, आणि वेणी गोल गोल फिरवून टाके घालत गोल सतरंजी करायला घेतली. दमलेला माणूस धागा ओढतो तेव्हा जास्तच ओढतो. त्यामुळे ती सतरंजी सपाट बसेना, मधे फुगून वर आली. आईने बघितली आणि विचारलं, ही अंथरायची आहे की डोक्यावर घालायची? आत्या हसली, पुष्कळ दिवसांनी, आणि मग दोन संध्याकाळी बसून ती अर्ध्यापर्यंत उसवली. उसवताना म्हणायची, शिवायला वेळ लागत नाही, शिवलेलं कबूल करायला लागतो.

पण खरं काम होतं ते भिंतीचं. ओल रंगाने जात नाही, उलट रंगालाच फोड येतात, हे या घरात सगळ्यांनी बघितलंय. आत्याने ठरवलं की भिंतीपुढे कापड सोडायचं. वर एक काठी ठोकायची, भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे मागून हवा खेळेल आणि कापड ओलं होणार नाही. कापड एवढं मोठं कुठून आणणार? म्हणून तुकड्यांचं. बाबांच्या जुन्या खाकी गणवेशाच्या पँटी, बसून बसून चकाकलेल्या. आईचे विटलेले गाऊन. माझा शाळेचा निळा पिनो, म्हणजे बिनबाह्यांचा फ्रॉक. इस्पितळाचे बाद झालेले हिरवे गाऊन, मास्तरांचा शाईवाला पांढरा टेबलक्लॉथ. खाली खाकी, कारण मळ खाकीवर दिसत नाही. मधे निळं-हिरवं. वर पांढरं, म्हणजे खिडकीचा उजेड तिथे पडला की खोली उंच वाटेल. सगळे चौकोन एका मापाचे. ती आधी जमिनीवर मांडून बघायची, एखादा चौकोन उचलून दुसरीकडे ठेवायची, मागे सरून डोळे बारीक करायची. मी सुईत दोरा ओवून द्यायचे, कारण दिवसाअखेर तिला सुईची भोकं दोन दिसायची.

पूर्ण झाल्याशिवाय खाली कुणाला दाखवायचं नव्हतं. शुक्रवारपर्यंत सगळे चौकोन कच्च्या टाक्याने जोडून झाले होते. कच्चा टाका म्हणजे लांब लांब, सैल, नुसतं धरून ठेवणारा. त्याच्यावरून पक्का टाका घालायचा, मग कच्चा काढून टाकायचा. पक्का टाका शनिवारी दुपारपासून रविवार सकाळपर्यंत होईल असा तिचा अंदाज होता. झोप सोडून. “एकदाच सोडायची आहे,” ती म्हणाली. “नंतर झोपच झोप.”

शनिवारी सकाळी फरशी पुसायची म्हणून तिने सगळं कापड जिन्याच्या वळणावर आणून ठेवलं, दोन ढिगांत. आता आत्याची सवय बघा. कातरलेल्या कडा, चिंध्या, उरलेल्या बाह्या, म्हणजे खरं टाकाऊ, ते तिने घड्या घालून चळत लावून ठेवलं, कारण कापड हातात आलं की तिच्याकडून घडी पडतेच. आणि भिंतीचं कापड मात्र उलटी बाजू बाहेर करून सैल गोळा करून ठेवलं, कारण घडी घातली तर कच्चा टाका निसटतो. त्यातून सगळीकडून दोरे लोंबत होते. बघणाऱ्याला उजवीकडे व्यवस्थित माल आणि डावीकडे कचरा दिसला असता.

त्यात तिला धुलाईघरातून बोलावणं आलं. कुणीतरी गैरहजर, गाऊन कमी पडले, अर्धा दिवस या. ती गेली. मी क्लासला होते. आणि शनिवारी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजचा मिस्त्री हात पुसायच्या चिंध्या न्यायला येतो, तसा आला.

पुढचं आईने इतक्यांदा सांगितलंय की मला ते श्वासासकट पाठ आहे. आईने उगाच उचलून दिलं नाही. तिने फोन केला. विचारलं, ताई, जिन्यावर दोन ढीग आहेत, मिस्त्री आलाय, त्याला कुठला देऊ? पलीकडे यंत्रं गडगडत होती. आत्या म्हणाली, “डावीकडचा टाक्याचा आहे, उजवीकडचा दे.”

आई समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पहिल्या तीन शब्दांनाच ती ‘हो हो हो’ करत सुटते, मदत म्हणून. तिने ऐकलं, ‘डावीकडचा टाकायचा आहे.’ पुढचं ‘उजवीकडचा’ तिच्या ‘हो हो’खाली गेलं आणि फोन ठेवला गेला. इतिहासात ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा निदान कुणीतरी लबाडी केली होती. आमच्याकडे ‘क्या’चा ‘काय’ झाला, आणि सगळी माणसं नीट विचारून, नीट उत्तर देऊन वागली होती. वर डोळ्यांनीही कानांनाच दुजोरा दिला. डावीकडचा ढीग कचऱ्यासारखा दिसत होता आणि आईने तो मिस्त्रीच्या पोत्यात भरायला स्वतः हात लावला.

दुपारी आत्या आली तेव्हा मी घरी होते. ती वळणावर थांबली. उजवीकडची चळत होती. डावीकडे रिकामी पायरी. तिने वर जाऊन बघितलं, खाली येऊन कॉटखाली बघितलं. आई हात पुसत बाहेर आली आणि समाधानाने म्हणाली, दिला हो ढीग, तुम्ही सांगितला तोच. आत्याने तोंड उघडलं, ओठ पूर्ण हलले, पण आवाज अजिबात आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आईला ओठ वाचता आले. तिचा चेहरा पडला.

आत्याने चप्पल परत घातली. मी बरोबर गेले.

गॅरेजमध्ये एक गाडी वर उचललेली होती आणि तिच्याखालून मिस्त्रीचे पाय आले, मग मिस्त्री आला. त्याचं प्रत्येक वाक्य ‘मी काय म्हणतो’ने सुरू होतं. त्याला काही फाडावंही लागलं नव्हतं. कच्चा टाका, एक दोरा ओढला की चौकोन सुटे होऊन हातात येत होते, पुसायला अगदी हवे तेवढे. डब्यात, बाकावर, इंजिनावर सगळीकडे आमच्या घरचे चौकोन पडले होते. आईच्या गाऊनवर पाच काळी बोटं. माझा पिनो ऑइलच्या डब्याखाली. बाबांची खाकी त्यातल्या त्यात बरी, तिच्यावर काही दिसत नव्हतं.

आत्याने एक चौकोन उचलला, प्रकाशात धरला, ठेवला. मिस्त्रीला एव्हाना कळलं होतं. तो उभाच होता, हात कुठे पुसावे ते न कळून.

“मी काय म्हणतो बाई, असलं कापड आम्हाला कधी मिळत नाही. पुसायला मन होत नव्हतं.” जरा थांबून म्हणाला, “पण पुसलं.”

पोत्याच्या तळाशी पांढरे काही राहिले होते. ते त्याने कागदात गुंडाळून दिले, कागदालाही ऑइल लागू नये म्हणून कोपरांनी धरून. पैसे घ्यायचा, द्यायचा विषय कुणी काढला नाही. आत्या म्हणाली, तुमचं काही नाही हो, आणि आम्ही निघालो.

येताना ती बसस्टॉपच्या बाकावर बसली. आम्हाला कुठल्याही बसने जायचं नव्हतं. समोरच डेपो, आणि भोंग्यातून बाबांचा आवाज येत होता, गाडी उशिराने सुटणार असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणारा. माणसं पिशव्या उचलून या फलाटावरून त्या फलाटावर जात होती. आत्या बराच वेळ ते बघत राहिली. मग माझ्याकडे तोंड करून, ओठ मला दिसतील असं बसून म्हणाली, “मी टाक्याचाच म्हटलं असेन ना गं?”

मला तिचे दोन्ही शब्द कसे निघतात ते ठाऊक होतं. तिच्या तोंडून ते वेगळे निघत नाहीत. मी घरात सगळ्यांच्या नकला करते, त्यांचे आवाज काढते, पण तिचा काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

“हो,” मी म्हटलं. “टाक्याचाच म्हटलं असशील.”

ती हं म्हणाली. एक बस आली, गेली.

घरी आई रडून बसली होती. बाबा डेपोतून आले तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं, फोनसकट. बाबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं, पण वाईट वाटलं की त्यांचा सूर जास्तच घोषणेकडे जातो. ते म्हणाले, झालं ते अनवधानाने झालं, कुणाचा दोष नाही, आणि आता भिंत तशीच असल्यामुळेऽ उद्या चष्मेवाल्याला होकार देऊन टाकावा हेच सगळ्यांच्या सोयीचं. आई म्हणाली, अहो, थांबा ना जरा. आत्या वाद घालेल असं मला वाटलं. निदान आईला एक शब्द बोलेल. तिच्याकडे त्या दिवशी बोलायला खूप होतं.

तिने कॉटवरची उशी काखेत घेतली. गोधडी खांद्यावर टाकली. बाबांना ओलांडून, हो, बाबांना, जिन्याकडे गेली.

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“झोपायला.”

वर जाऊन तिने दार लावलं. कडी सरकवल्याचा आवाज खाली तिघांनाही आला. जुनी कडी, तिला तेल नव्हतं.

रविवारी सकाळी आत्या उतरली नाही. तिचा चहा झाकून ठेवला, निवला, आईने परत गरम केला, परत निवला. मधल्या खोलीतली कॉट रिकामी होती, आणि आई तिथून जाताना तिचा गुडघा कशावर आपटला नाही तर ती दचकून मागे बघायला लागली. अकराच्या सुमाराला चष्मेवाला आला. बरोबर रंगाच्या छटांचं पत्रक. बाबा त्याला म्हणाले, बसा, मी जरा वर सांगून येतो. मीही मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेले.

बाबा दारासमोर उभे राहिले आणि खाकरले.

दार खाकरण्याने उघडत नाही. ते पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने. मग त्यांनी हात वर केला. हात तसाच हवेत राहिला, बोटं मिटू की उघडू असं करत. या घरात आत्याला भेटायला कधी कुणी दार वाजवलेलं नाही. वाजवायला दारच नव्हतं. ज्या माणसाचा आवाज रोज शेकडो लोकांना फलाट बदलायला लावतो, तो आपल्या बहिणीच्या दाराशी एका बोटाने इतकं हळू वाजवत होता की मला वळणावरून जेमतेम ऐकू आलं.

“कोण?” आतून आवाज आला. जड, झोपेतला, पण पूर्ण. एकही अक्षर गिळलेलं नव्हतं.

बाबांनी हात खाली घेतला.

“मी,” ते म्हणाले.

“काय आहे?”

बाबांनी त्या भिंतीकडे पाहिलं, म्हणजे दाराच्या बाजूच्या भिंतीकडे. तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. खाली चष्मेवाला कागदाचा आवाज करत होता.

“काही नाही,” बाबा म्हणाले. “झोप तू.”

ते उतरले. माझ्या बाजूने गेले तेव्हा त्यांनी मला बघितलंही नाही. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी चष्मेवाल्याला सांगितलं की खोली दिलेली आहे. साध्या आवाजात, काहीही न लांबवता. तो गोंधळला. कुणाला आपलं, म्हणाला, त्या दिवशी तर आपलं, काहीच बोलला नाहीत.

“घरातच,” बाबा म्हणाले.

तो पत्रक घेऊन गेला. जाता जाता दोनदा वळून वरच्या खिडकीकडे बघून गेला. तिथे चहाच्या रंगाचा पडदा होता, कोपऱ्यात तो राहिलेला शिक्का.

आत्या दुपारी केव्हातरी खाली आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. तिने विचारलं, तो येऊन गेला का? आईने हो म्हटलं आणि या वेळी पुढचं वाक्य ऐकायला थांबली. आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, निदान त्यांच्या हातात ते होतं.

“मग?”

“मग काय,” बाबा म्हणाले. “त्याला मिळेल दुसरी. शहरात खोल्यांना काय तोटा आहे.”

आत्याने मान हलवली. आईने तिसऱ्यांदा गरम केलेला चहा तिने उभ्याउभ्याच प्यायला, कप विसळला आणि पालथा घातला. भिंत तशीच होती. ओल तशीच. पांढरे चौकोन कागदात गुंडाळलेलेच राहिले होते आणि त्यांचं पुढे काय करायचं हे तिला कुणी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही. ती परत वर गेली, कडी लावली, आणि संध्याकाळपर्यंत झोपली. सोमवारी तिची सकाळची पाळी होती.